सभा आणि निर्णय

सार्वजनिक कामात सभांना तोटा नाही. तरीही 'सभा झाली, पण ठरले काय?' हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. निर्णय घेण्यास सभा खरोखर उपयोगी पडते काय? याचे उत्तर सभेपूर्वी कोणती तयारी झाली, यावर बरेचसे अवलंबून असते.

ग्रामसभेचे उदाहरण घेऊ. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून तिला घटनात्मक आधार मिळाला. महाराष्ट्रात तिच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. परंतु केवळ उपस्थिती म्हणजे विचारविनिमय नव्हे. आयत्या वेळी वाचलेल्या ठरावावर सह्या झाल्या, तर निर्णय मोजक्यांचा आणि जबाबदारी मात्र साऱ्या गावाची, असे होते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने यावर मार्ग काढला. तेथे अभ्यासगट माहिती मिळवून साधकबाधक चर्चा करतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. यात वेळ जातो हे खरे. पण ठरलेले काम पार पाडण्यास सारे गाव बांधलेले असते. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

अर्थात, प्रत्येक प्रश्न सभेपुढे नेण्याचे कारण नाही. पुलाचा पाया किती खोल असावा, हे हात वर करून ठरत नाही. साथीच्या दिवसांत विहिरीत औषध टाकण्यासाठी सभेची वाट पाहणे योग्य नव्हे. मात्र सार्वजनिक नळ कोठे बसवावा, हे पाणी वाहणाऱ्या स्त्रियांना विचारल्यावाचून ठरवू नये. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यातील तरतूद याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

कार्यालय असो, शाळा असो वा पंचायत, काही पथ्ये सर्वत्र उपयोगी ठरतात. विषयपत्रिका व आकडेवारी आधी पोचवावी. अध्यक्षांनी आपले मत शेवटी मांडावे. अन्यथा इतरांची मते मनातच राहतात. इतिवृत्तात निर्णयाबरोबर तो कोणी व केव्हापर्यंत अमलात आणावयाचा, याची नोंद करावी. पुढील सभेचा प्रारंभ त्या नोंदीच्या वाचनाने झाला, म्हणजे मागील सभेचा उपयोग किती झाला, हे सर्वांनाच कळून येईल.