फिल्टर सगळ्यात शेवटी

धामणगाव रेल्वे. स्टेशनाजवळच्या एका दवाखान्याची मागची खोली. नऊ-दहा वर्षांचा मुलगा खाटेवर पडला आहे. बोलता बोलता तो मध्येच थांबतो, एकटक पाहत राहतो, म्हणून आजी त्याला ईईजीसाठी घेऊन आली आहे.

"डोक्याले तेल नाही नं लावलं, आजी?"

"नाही बाप्पा, सकायीच शिकेकाईनं धुतलं."

तंत्रज्ञ टेपनं डोकं मोजतो, खुणा करतो, पेस्ट लावून 21 इलेक्ट्रोड चिकटवतो. मेंदूचा विद्युतदाब कवटीबाहेर पोचतो तो जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट. भिंतीतल्या वायरीत 230 व्होल्ट, आणि बाहेर मालगाडी धडधडते आहे ती 25 हजार व्होल्टच्या तारेखालून.

पडद्यावर रेषा उमटतात. मागच्या बाजूची एक मात्र जाड, केसाळ दिसते. ही विजेची 50 हर्ट्झची गुणगुण. तिला पुसणाऱ्या नॉच फिल्टरचं बटण समोरच आहे, पण तो दाबत नाही. इलेक्ट्रोडचा रोध पाहतो. 5 किलोओहमच्या आत हवा, आहे 22. केस सारून त्वचा घासतो, पुन्हा पेस्ट लावतो. कूलर बंद करतो, चार्जिंगचा मोबाइल काढायला लावतो. रेघ बारीक होते.

पापणी लवते, कपाळावरच्या रेषा हेलकावतात. मुलगा दात आवळतो, कानशिलाच्या रेषांवर दाट काटे उभे राहतात. तंत्रज्ञ मला दाखवण्यापुरता वरचा फिल्टर 70 वरून 15 हर्ट्झवर आणतो. काटे गुळगुळीत होऊन थेट मेंदूच्या लाटांसारखे दिसू लागतात.

"पाहा, कचरा गेला नाही. त्यानं वेश बदलला." तो पुन्हा 70 करतो. "जबडा सैल सोड, बापू."

आता जोरजोरात श्वास घ्यायला लावण्यासाठी मुलाच्या हाती कागदी भिंगरी. "फुकत राय." भिंगरी फिरते, फिरते आणि थांबते. सगळ्या रेषा एकदम उसळतात. टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीनदा. तंत्रज्ञ हाक मारतो. उत्तर नाही. काही सेकंदांत रेषा शमतात आणि मुलगा काही झालंच नाही अशा थाटात फुंकू लागतो.

"हेच त! असंच करते हा," आजी म्हणते.

ते अणकुचीदार टोक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी टिकतं. फिल्टर 15 वरच राहिला असता तर ते बोथट झालं असतं. निदान डॉक्टर करतील. त्यांच्या हाती खरी नोंद पडणार आहे.

ईईजीला जाताना केस धुऊन, तेल न लावता जा आणि चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. खोलीतला गोंगाट खोलीतच थांबवावा. फिल्टरची पाळी त्यानंतरची.