यंत्राविना गाव : यंत्र कोण होते?

यंत्रे नव्हती तेव्हा माणूस सुखी होता, असे वाक्य आपल्याकडे पाठ्यपुस्तकापासून व्याख्यानमालेपर्यंत सतत ऐकू येते. जात्यावरच्या ओव्या, मोटेची कुरकुर, बलुत्यावर चालणारा स्वयंपूर्ण गाव असे चित्र रंगवले जाते. या चित्रात काम दिसते. काम करणारा दिसत नाही. यंत्र नव्हते म्हणून काही अडून राहत नव्हते. निरोप परगावी पोचत होता, पाणी विहिरीतून वर येत होते, धान्याचे पीठ होत होते, मेलेले जनावर गावाबाहेर जात होते. ही कामे कुणाच्या बळावर होत होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या जीवनाचा अभ्यास पुरा होत नाही.

निरोपाचेच पाहा. गावाच्या दळणवळणाचा भार महारावर होता. कुणी मयत झाले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा नेणे, शेतसाऱ्याचा भरणा कचेरीत पोचवणे, पाटील बोलावील तेव्हा चावडीवर हजर राहणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, रात्री वेस राखणे, ही सारी वतनाची कामे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांची तपशीलवार नोंद आहे. मोबदला काय, तर हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. कामाला वेळकाळ नव्हता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८५४ साली या देशात एकाच दराची टपालव्यवस्था सुरू झाली. त्याच सुमारास तार आली, आगगाडी आली. तरीही महाराची धावपळ थांबली नाही. उलट १८७४ च्या वतन कायद्याने तिच्यावर सरकारी शिक्का बसला. १९२८ साली बाबासाहेबांनी त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात आणले. ते तडीस गेले नाही. ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे टपाल आल्यानंतर शंभर वर्षे गावाने माणसालाच टपाल म्हणून वापरले. ही वेठ गेली ती लढ्याने आणि कायद्याने. नवे तंत्र आले एवढ्याने ती आपोआप गेली नाही.

आता पाणी घ्या. मोट हे त्या काळचे बागायतीचे मुख्य साधन. मेलेले जनावर महाराने ओढून न्यायचे, सोलायचे. त्याचे कातडे ढोराने बाभळीच्या सालीत कमवायचे. मोट शिवायची ती ढोराने किंवा चांभाराने. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोन दोर; ते मांगाने अंबाडीचे, घायपाताचे वळायचे. बैल धावेवरून उतरले की ही चामड्याची मोट भरून वर येई, तिची सोंड थारोळ्यात रिकामी होई आणि पाटाने पाणी मळ्यात जाई. एवढ्या अस्पृश्य हातांतून तयार झालेल्या साधनाने काढलेले पाणी मळ्याला चाले. त्यावर पिकलेला ऊस, गहू, भाजीपाला कुणाला विटाळत नसे. मात्र ती माणसे तहानेने पाणवठ्यावर आली तर पाणी बाटत असे! त्यांच्या बायांनी घागर घेऊन दूर उभे राहायचे आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतलेले पाणी घ्यायचे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात संमत झाला, तरी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी सत्याग्रह करूनच प्यावे लागले. टंचाई पाण्याची नव्हती, साधनांचीही नव्हती, माणुसकीची होती.

जात्याचे दुःख मात्र साऱ्याच जातींतील स्त्रियांच्या वाट्याला आले. पहाटे उठून दळल्याशिवाय दिवसाची भाकर होत नसे. पण ज्या घरात धान्याची कणगी होती, तिथे पैसे किंवा पसाभर धान्य देऊन दळण दुसरीकडून करून घेता येई. दलित बाई आधी दुसरीचे दळी, मग आपले. ओवीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. जात्यावर बसलेल्या बायांनी बाबासाहेबांवरही ओव्या रचल्या, हा आपला ठेवाच आहे. परंतु ओवी गोड होती म्हणून जाते हलके होत नव्हते. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जात्यासाठी एकही बाई रडल्याचे माझ्या आजीने कधी सांगितले नाही.

महात्मा गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ (१९०९) मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना वेगळी भूमिका मांडली. पशूचे जिणे संपवून माणसाला फुरसत मिळाली तरच त्याला संस्कृती निर्माण करता येते, आणि ही फुरसत यंत्रामुळे शक्य होते. यंत्राच्या नावाने दाखवले जाणारे अनर्थ हे चुकीच्या समाजरचनेचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते पुढे खरे ठरले. ऑइल इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर मोट गेली. पंप बसला तो ज्याची विहीर होती त्याच्या विहिरीवर. दोर वळणाऱ्या मांगाचे आणि मोट शिवणाऱ्याचे काम गेले, पण त्यांच्या हाती ना जमीन आली ना पंप.

आणि जिथे यंत्राची सर्वांत जास्त गरज आहे तिथे आजही माणूसच उतरवला जातो. मैला हाताने उचलण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरण थांबलेले नाही. गटार साफ करणारी यंत्रे आहेत, पण विशिष्ट जातीचा माणूस अजून यंत्रापेक्षा स्वस्त समजला जातो.

शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. जुन्या गावाविषयी लिहिताना, बोलताना प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न लिहा : हे कोण करीत होते? त्याला काय मिळत होते? त्याला नाही म्हणता येत होते काय? आपल्या घरातली, वस्तीतली म्हातारी माणसे अजून आहेत तोवर ही उत्तरे त्यांच्याकडून टिपून घ्या.