तीस मिलिमीटर

ज्या गाडीतून सासूबाईंना मणक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तिनेच कोइमतूरच्या ट्रॅकवर लॅप मारायचे आणि सोमवारी सकाळी तिनेच हिंजवडी गाठायची. सस्पेन्शन मात्र एकच. आमच्या शेजारणीचा हा हट्ट कानावर आला, आणि हे जमवतात तरी कसं ते बघायला मी तिच्याबरोबर भोसरीच्या गॅरेजात गेलो.

गाडी पोलो, 1.2 टीएसआय, चाकणच्या कारखान्यातली. तिथे पोलो बनणं 2022 साली थांबलं. पुण्यातल्या हौशी मंडळींनी ते अजून मान्य केलेलं नाही. ट्रॅक म्हणजे एस. करिवर्धन यांच्या नावाचा, 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे. पुण्याहून हजार किलोमीटरच्या पुढे. गाडी ट्रेलरवर घालून नेण्याचे चोचले नाहीत. हेल्मेट मागच्या सीटवर टाकून ही बाई कोल्हापूर-बेळगाव करत स्वतः चालवत जाते, दिवसभर गाडी पिळते आणि चालवतच परत येते.

एका दुकानदाराने तिला कॉइलओव्हर सुचवले होते. शॉकअपच्या नळीलाच आटे, स्प्रिंगची बैठक फिरवली की गाडी वर किंवा खाली. ‘फक्त तीस मिलिमीटर खाली बसेल,’ असं तो म्हणाला होता. ती हे सांगत असताना गॅरेजवाले काका गाडीखाली होते. तिथूनच आवाज आला, “तीस मिलिमीटर आणायचे कुठून, ताई?”

मला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. चाकाला वर उसळायला जागा मोजकीच असते. गाडी खाली बसवली की ते तीस मिलिमीटर त्याच जागेतून वजा होतात. मग खड्ड्यात शॉकअप शेवटाला जाऊन बम्प स्टॉपवर आदळतो, आणि राहिलेला धक्का थेट बॉडीला, म्हणजे पर्यायाने सासूबाईंना. हे टाळायचं तर स्प्रिंग कडक हवी. साध्या गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा वरखाली होते, निव्वळ रेसच्या गाडीची 2 किंवा जास्त. दुप्पट कडक स्प्रिंग घातली की हा आकडा 1.4 पट होतो. ट्रॅकवर ते झकास वाटतं, कारण ट्रॅक सपाट असतो. इकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की गोलसर गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमच्या गल्लीतला गतिरोधक पाहून ते लिहिणाऱ्यांना रडू येईल.

वर आणखी एक गंमत. काकांनी हात तिरका धरून दाखवलं: गाडी फार खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि पोलोसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत वळणावर बॉडी झुकवणारा जोर उलट वाढतो. दिसायला जमिनीला चिकटलेली, वळणावर झुकायला आधीपेक्षा तयार. फोटोत हे दिसत नाही. तीस मिलिमीटर दिसतात.

पुढचं चाक, लिंक रॉड वगैरे भराभर सुटलं. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी, बाहेर आल्यावर मात्र काकांनी सगळ्यांना मागे सारलं. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर दोन बाजूंना लावला आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत नेले. हाताखालच्या पोराने न सांगता रेडिओ बंद केला. दाबलेल्या स्प्रिंगच्या तोंडासमोर काका कधी उभे राहत नाहीत. वरचा नट निघाला, स्प्रिंग बाजूला झाली, शॉकअप सुटा झाला. नळीवर पाझरलेल्या तेलात धुळीचा जाड थर, आणि बम्प स्टॉपच्या पिवळ्या फोमचा नुसता चुरा.

काकांनी शॉकअप उभा धरून दांडा तळहाताने दाबला. गॅसच्या शॉकअपचा दांडा हळूहळू आपणहून वर यायला हवा. हा खाली गेला तो खालीच राहिला. त्यांनी तो ओढून पुन्हा दाबला. अर्ध्यावर हात एकदम हलका पडला, आत अडवायला काही नसल्यासारखा. मग त्यांनी तो शेजारणीच्या हातात दिला. ती बराच वेळ दांडा वरखाली करत राहिली. ज्याला ती ‘पोलोचं सॉफ्ट सस्पेन्शन’ म्हणत होती, ते कधीच संपलं होतं. नवा किट घातल्यावर गाडी ओळखू येत नाही असं जे लोक सांगतात, त्यातला निम्मा चमत्कार जुना मेलेला शॉकअप निघाल्याचा असावा, असा माझा संशय तेव्हापासून पक्का आहे.

शेवटी स्प्रिंगा कंपनीच्याच राहिल्या आणि उंचीही तीच. शॉकअप बिलस्टाइनचे बी6, मूळ स्प्रिंगवर चालणारे पण उसळी जास्त ताकदीने रोखणारे. बी8 हे खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेले, त्यामुळे ते बाद. लोअर आर्मचे बुश आणि वरचे माउंटिंग नवे, तेही साधे रबराचे.

तिला मागे जाड अँटी-रोल बार, म्हणजे बॉडी झुकू न देणारी दांडी, हीही हवी होती, कारण वळणात नाक बाहेर पळतं. काकांनी पुढचा टायर फिरवून बाहेरची कड दाखवली, पार घासलेली. “चाकाचा कल, कॅम्बर, कमी पडतोय हे खरं. पण तुम्ही स्टिअरिंगही जास्त पिळताय.” मग म्हणाले, “मागे बार लावला की नाक आत येईल. पण पावसात खंबाटकी उतरताना शेपूट पुढे आलं तर?” ती हसली. काका हसले नाहीत.

नवे बुश बसवल्यावर बोल्ट हातापुरते लावून काकांनी गाडी चाकांवर उतरवली आणि मग आवळले. चाकं हवेत असताना पक्के आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी खाली टेकली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही पाच मिनिटांची बाब कुठल्याच जाहिरातीत नसते. मला विचाराल तर सस्पेन्शन निवडण्याआधी ते आवळणारा माणूस निवडावा.

अलाइनमेंटला निघण्याआधी तिने विचारलं, “काका, ट्रॅकसाठी आता काय राहिलं?”

“ब्रेक ऑइल कधी बदललंत?”

तिला आठवेना. ते ओलावा धरतं, मग लवकर उकळतं आणि ऐन वळणाआधी पेडल तळाला जातं, हे काकांनी एका दमात सांगितलं. तिने फोनमध्ये ब्रेक पॅड आणि डॉट 4 ब्रेक ऑइल लिहून घेतलं. कॉइलओव्हरचं कोटेशन त्याच फोनमध्ये अजून आहे. मी विचारलं, तर म्हणाली, “असू दे की.”