खोडदच्या तबकड्यांनी टिपलेला एक संकेत

शिरूर-दौंडकडील आपली मंडळी व्यापारानिमित्त नारायणगावच्या बाजूस जातात, तेव्हा खोडद गावाजवळ तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या त्यांच्या दृष्टीस पडतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. दूरच्या ग्रहांवर जीवन नांदू शकेल का, या शोधातही तिचा वाटा आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

जीवनासाठी ग्रहावर नुसते पाणी असून भागत नाही. वातावरणही टिकावे लागते. ताऱ्याकडून अखंड येणारा विद्युतभारित कणांचा झोत ते हळूहळू उडवून नेऊ शकतो. अशा वेळी ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र कवचाचे काम करते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. हे कवच डोळ्यांना दिसत नाही. पण त्यामुळे ग्रहाकडून रेडिओ लहरी निघू शकतात. गुरूच्या अशा लहरी १९५५ मध्येच सापडल्या होत्या.

२००९ मध्ये फ्रेंच व भारतीय शास्त्रज्ञांनी खोडदची दुर्बीण हॅट-पी-११बी या सुमारे १२० प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाकडे वळवली. १५० मेगाहर्ट्‌झवर एक क्षीण संकेत मिळाला आणि ग्रह ताऱ्याआड जाताच तो लोपला. ग्रह झाकला गेला की लहरी थांबतात, याहून चांगली खूण कोणती? पण २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निरीक्षण केले, तेव्हा काहीच मिळाले नाही. २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध करताना संशोधकांनी शीर्षकातच ‘संकेत’ एवढाच दावा केला. आपल्या भाषेत सांगायचे तर रक्कम उचंत खात्यात ठेवली, खतावणी केली नाही. मला त्या शोधापेक्षाही हा चोखपणा अधिक मोलाचा वाटतो.

तो ग्रह स्वतः राहण्याजोगा नाही. नेपच्यूनएवढा, तापलेला, जेमतेम पाच दिवसांचे वर्ष असलेला! परंतु हीच रीत उद्या लहान, शीतल ग्रहांना लावता येईल.

इतके क्षीण सूर ऐकायचे तर परिसर शांत हवा, आणि त्या शांततेची किंमत असते. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत ही दुर्बीण आडवी आली, तेव्हा व्यापारी वर्गात नाराजी उमटणे स्वाभाविकच होते. तरीही राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे प्रदर्शन भरते, तेव्हा मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे. तबकड्यांजवळ मोबाईल मात्र बंद ठेवावा.