सेन्सर जेवायला गेलाय

कोलकात्यानंतर दुर्गोत्सव आमचाच, असं यवतमाळचा माणूस छातीठोकपणे सांगतो. नवरात्रात दारव्हा, आर्णी, पांढरकवड्याकडून गाड्या भरभरून येतात आणि माणसं रात्र रात्र मंडप पालथे घालतात. या गर्दीला देवी पुढून दिसते. मागे मात्र निव्वळ गॅरेज असतं: मोडीतल्या जीपची वायपर मोटर, सायकलच्या चेन, ग्रीसचा डबा, बॅटरी आणि हातात पाना घेऊन बसलेला फिटर. हलत्या देखाव्यात मूर्तिकाराइतकाच हाही कलावंत, पण फलकावर त्याचं नाव येत नाही.

आमच्या मंडळाला लाभलेले मिस्त्री जिनिंगमधले. मूर्तिकाराची मागणी ऐकायला साधी होती: त्रिशूळाचा हात सावकाश वर जावा, थोडा थांबावा, मग झपकन महिषासुरावर यावा. वर-खाली मिस्त्रींना लगेच कळलं. थांबणं काही पटेना.

"मशीन थांबली म्हणजे बिघडली न जी! तिले मुद्दाम कायले थांबवता?"

त्यांचंही बरोबर होतं. चामड्याच्या दोन रोलरांनी सरकी आणि रुई वेगळी करणारी डीआर जिन हंगामात थांबली, तर मालक धावत येतो. उभा जन्म ती चालू ठेवण्यात गेलेल्या माणसाला आम्ही थांबण्याची कला मागत होतो.

वायपर मोटरच्या आत वर्मगिअर असतो, म्हणून ती सावकाश फिरते आणि ताकद भरपूर देते. पण ही सावकाशी काचेपुरती. मिनिटाला 40-50 फेऱ्यांनी देवीचा हात फिरला, तर ती माश्या हाकलतेय असं वाटतं. मिस्त्रींनी लहान चाकावरून मोठ्या चाकावर अशी चेन दोन टप्प्यांत घेऊन वेग उतरवला. मग लोखंडी पत्र्याचा कॅम कापला. कॅमची कड जिथे हळूहळू फुगते तिथे हात वर चढतो, जिथे ती गोलाईत सारखी राहते तिथे हात थबकतो, आणि जिथे एकदम तुटते तिथे हात कोसळतो. मोटर बिचारी अखंड फिरतच असते. हे उमगल्यावर मिस्त्री खूश: "म्हणजे मशीन थांबत नाही, देवीच थांबते!"

पहिल्या चाचणीत हात असा आदळला की फायबरचा खांदा तडकला. खालच्या अडणीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळल्यावर निभावलं. त्यानंतर मूर्तिकार रोज येऊन कॅमची ती गोलाई कानशीने थोडी वाढवायला सांगायचा. माझ्या मते त्या वर्षीचं खरं शिल्पकाम तिथेच झालं.

2017 साली पुण्याच्या पाटील ऑटोमेशनने यंत्रहाताकडून गणपतीची आरती करवली, तो व्हिडिओ गावोगाव फिरला. मिस्त्रींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिला. "ताट मस्त फिरवते, पण लयच एकसारखं फिरवते."

समोरच्या माणसाला प्रतिसाद देणारी यंत्रं कलेत येऊन मात्र अर्धं शतक उलटलं. एडवर्ड इनातोविच यांनी फिलिप्ससाठी घडवलेला 'सेन्स्टर' 1970 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंटहोवनला उभा राहिला. सुमारे 15 फूट लांबीचं हे लोखंडी जनावर संगणकावर चालायचं. हळू आवाजाकडे मान वळवायचं, आरडाओरडा झाला की मागे सरायचं. नियम एवढेच, पण बघणाऱ्यांना त्यात लाजाळूपणा दिसायचा.

हे ऐकून आमच्या पोट्ट्यांना हुरूप आला. कुणी जवळ आलं की महिषासुराने डोळे वटारावेत, असं ठरलं आणि पीआयआर सेन्सर बसवला. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेतली हालचाल टिपतो. रिकाम्या मंडपात झकास चालला. पण अष्टमीच्या गर्दीत समोरची हालचाल थांबेचना, त्यामुळे असुराचे डोळे संध्याकाळपासून जे वटारले ते मिटेचनात.

शेवटी सेन्सरची वायर काढली आणि पडद्यामागे एका पोराच्या हाती बेलचं बटण दिलं. पोरगं इरसाल. फटीतून हेरायचं आणि मोबाइलमध्ये मान घातलेला काका नेमका असुरासमोर आला की बटण दाबायचं. काका दचकले की अख्खी रांग हसायची. कुठल्याच सर्किटला असं सावज निवडता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगची मुलं चौकशी करत पडद्यापर्यंत आली. "काका, सेन्सरची रेंज किती?"

मिस्त्रींनी पान्यावरचं ग्रीस पुसलं. "रेंज बढिया आहे बाप्पा. पण रात्री दहाले तो जेवाले जाते."