ऑलिंप द गूज : अभिव्यक्तीचा हक्क आणि वधमंच

फ्रेंच राज्यक्रांतीने २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा दिला. त्यातील ‘मानव’ या संज्ञेत स्त्री येते काय, हा प्रश्न निर्भीडपणे उपस्थित करणाऱ्या लेखिकांत ऑलिंप द गूज (१७४८-१७९३) हिचे स्थान अग्रणी आहे. प्रस्तुत लेखात तिच्या जीवनाचा विचार अभिव्यक्तीच्या हक्काच्या अंगाने केला आहे.

दक्षिण फ्रान्समधील मॉन्तोबाँ हे तिचे जन्मस्थान. मूळ नाव मारी गूज. कायद्याने ती एका खाटकाची कन्या. तथापि कवी व उमराव ल फ्रां द पोंपिन्याँ हेच आपले जनक, असे ती सांगत असे. या पितृत्वास मान्यता मिळाली नाही. १७६५ मध्ये मनाविरुद्ध विवाह झाला आणि अल्पावधीतच वैधव्य आले. पुनर्विवाह नाकारून ती पॅरिसला गेली व स्वतः निवडलेल्या नावाने लिहू लागली. गुलामगिरीविरोधी नाटक १७८९ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले; वसाहतींतील मळेमालकांच्या समर्थकांनी गदारोळ केला आणि ते तीन प्रयोगांतच बंद पडले.

सप्टेंबर १७९१ मध्ये तिने १७ कलमांचा स्त्री-हक्कांचा जाहीरनामा लिहिला. वधमंचावर चढण्यास स्त्री पात्र असेल, तर भाषणाच्या व्यासपीठावर चढण्यासही ती पात्र असली पाहिजे, हा दहाव्या कलमाचा आशय सुपरिचित आहे. अकरावे कलम मात्र त्याहून बोलके आहे. १७८९ च्या जाहीरनाम्यात हे कलम विचारांच्या मुक्त आदानप्रदानाचे होते. ऑलिंपने तेच घेऊन त्याला एक ठोस अर्थ दिला : आपल्या अपत्याचा पिता कोण, हे स्त्रीला निःसंकोच सांगता आले पाहिजे. पुरुषांच्या दृष्टीने मतस्वातंत्र्य हा राजकीय विषय होता. येथे तो थेट कूळ व वारसा यांच्यापर्यंत जाऊन भिडतो. तिची जन्मकथा पाहता या कलमामागील तळमळ सहज ध्यानात येते.

राजावरील खटल्यात त्याचा बचाव करण्याची तयारी तिने १७९२ च्या अखेरीस दर्शविली होती. त्यामुळे ती आधीच संशयास्पद ठरली होती. जुलै १७९३ मध्ये तिने ‘तीन मतपेट्या’ हे भित्तिपत्रक छापून घेतले. एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, हे जनतेने मतदानाने ठरवावे, अशी त्यातील सूचना होती. मार्च १७९३ च्या कायद्यान्वये असे लेखन देहदंडास पात्र होते. तिला अटक झाली. न्यायासनापुढे वकीलही मिळाला नाही. ती स्वतःची बाजू मांडण्यास समर्थ आहे, असे कारण देण्यात आले. स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर ३० ऑक्टोबर रोजी बंदी आली होती. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला. सैन्यात अधिकारी असलेल्या तिच्या मुलाने काही दिवसांतच आईशी असलेला संबंध जाहीरपणे नाकारला.