पडदा उजळणारी नऊ अक्षरं

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं दहावं पर्व जानेवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरात रंगलं. प्रोझोन मॉलमधल्या आयनॉक्समध्ये देशोदेशीचे आणि आपले मराठी चित्रपट एकापाठोपाठ एक लागत होते. अशा वेळी चित्रपट सुरू होण्याआधीचे काही क्षण नीट पाहण्यासारखे असतात. दिवे हळूहळू मंदावतात, जाहिरातींचा आवाज थांबतो, पडद्यावरच्या चित्राची रुंदी बदलते आणि काळोखात पहिली चौकट उमटते. आजच्या डिजिटल थिएटरमध्ये हे सगळं चालू असताना प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये बहुतेक वेळा कुणीच नसतं. नेटवर्कच्या तारेतून धावणारी मोजकी अक्षरं ही सगळी कामं करून घेतात.

ही अक्षरं किती मोजकी असतात, हे कळलं की थक्क व्हायला होतं. सभागृहांत आणि कॉलेजांत वापरले जाणारे अनेक कंपन्यांचे प्रोजेक्टर ‘पीजेलिंक’ नावाची एक समाईक भाषा जाणतात. जपानमधल्या कार्यालयीन यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं ती ठरवून दिली. प्रोजेक्टर सुरू करायचा, तर या भाषेत आधी % हे चिन्ह, मग 1, मग ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं, एक मोकळी जागा, पुन्हा 1 आणि शेवटी ओळ संपल्याची खूण एवढंच पाठवायचं. सगळी मिळून नऊ अक्षरं, म्हणजे नऊ बाइट. तेवढ्यावर अख्खी भिंत उजळते.

त्याहून सुंदर भाग पुढे आहे. यंत्र उत्तर देतं! आज्ञा मानली, तर ‘ओके’. आज्ञाच कळली नाही, तर चूक क्रमांक 1. सध्या ते काम करण्याच्या स्थितीत नसेल, तर 3. स्वतःतच बिघाड असेल, तर 4. ‘चालू आहेस का?’ असं विचारलं, तर चार निरनिराळी उत्तरं येऊ शकतात: बंद आहे, चालू आहे, थंड होतोय, गरम होतोय. दिवा किती तास जळला, हेही ते सांगतं. दूरच्या खोलीत छताला टांगलेल्या यंत्राची प्रकृती खुर्चीत बसून विचारता येते, ती या प्रश्नोत्तरांमुळे.

थिएटरमध्ये अशी बरीच यंत्रं एका नेटवर्कवर असतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी. चित्रपट साठवणारा सर्व्हर, प्रोजेक्टर, ध्वनी-प्रोसेसर, दिव्यांचा नियंत्रक. सगळ्यांचा ताल सर्व्हर सांभाळतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी पुढे सरकतो, त्यामुळे कोणत्या चौकटीला काय करायचं हे आधीच नेमून ठेवता येतं. अमुक चौकटीला दिवे अर्धे, अमुक चौकटीला पूर्ण बंद. प्रोजेक्टरच्या तोंडावरची झडप उघड. आवाज 7 वर ने. ध्वनी-प्रोसेसरच्या 0 ते 10 या पट्टीवर 7 म्हणजे ध्वनिमिश्रण करणाऱ्यांनी स्टुडिओत ऐकलेली पातळी.

थिएटरला दिलेल्या डिजिटल चित्रपटासोबत त्याच्या भागांची क्रमवार यादी येते. तीत महत्त्वाच्या चौकटींच्या खुणा नोंदवता येतात. श्रेयनामावलीची पहिली चौकट ही त्यातली एक. तिच्यावरून दिवे मंदपणे उजळवता येतात. आणि आपल्या प्रेक्षकांना सुखावणारी गोष्ट अशी, की या यादीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यंतराच्या पहिल्या आणि शेवटच्या चौकटीसाठीही खुणा आहेत. वडापावची वेळसुद्धा चौकटीच्या हिशेबात बसते.

अशा खुणा रिळांच्या काळातही होत्या. 35 मिलिमीटरचं 2000 फुटांचं रीळ साधारण 22 मिनिटं चालायचं. ते संपत आलं, की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायचा. सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्याच क्षणी एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी. प्रेक्षकाला पत्ताही लागायचा नाही. तेव्हाही आज्ञा चित्रपटातूनच निघत होती, फक्त ती माणसाच्या डोळ्यांवाटे आणि हातांवाटे यंत्रापर्यंत पोचायची. टॉकीजच्या त्या ऑपरेटरांचं लक्ष किती तल्लख असेल!

महोत्सवात या व्यवस्थेचा खरा कस लागतो. एरवी एकच चित्रपट आठवडाभर चालतो. इथे दर खेळाला चित्रपट नवा. कुणाची चौकट 1998 बाय 1080 बिंदूंची, कुणाची त्याहून रुंद आणि बुटकी, 2048 बाय 858 ची. त्यानुसार भिंगाची मांडणी आणि चित्राच्या कडा बदलाव्या लागतात. शिवाय बऱ्याच चित्रपटांना कुलूप असतं. त्याची डिजिटल किल्ली एका विशिष्ट सर्व्हरसाठीच बनवलेली असते आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. किल्लीची मुदत सुरू व्हायची असेल, तर आज्ञा कितीही अचूक द्या, चित्रपट उघडत नाही.

इथे सावधपणाही हवाच. जे नेटवर्क नऊ अक्षरांत प्रोजेक्टर सुरू करतं, तेच तितक्याच अक्षरांत तो बंदही करू शकतं. म्हणून नियंत्रणाचं जाळं प्रेक्षकांच्या वाय-फायपासून वेगळं ठेवायचं असतं. पीजेलिंकमध्ये संकेतशब्द लावला, तर प्रोजेक्टर दर जोडणीला एक नवी यादृच्छिक संख्या देतो आणि तिच्यात संकेतशब्द मिसळून तयार केलेलं उत्तर मागतो. त्यामुळे संकेतशब्द तारेतून उघडा जात नाही.

हे सगळं शक्य झालं ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी भाषा समान ठेवायचं ठरवलं म्हणून. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी 2002 मध्ये एकत्र येऊन डिजिटल चित्रपटाची मानकं ठरवायला घेतली आणि जुलै 2005 मध्ये ती प्रसिद्ध केली. आज त्याच मानकाच्या आधारे मराठवाड्यातल्या एखाद्या तरुणाची पहिलीवहिली फिल्म आणि परदेशातल्या नामवंत दिग्दर्शकाची फिल्म संभाजीनगरच्या एकाच पडद्यावर, सारख्याच आज्ञांनी, सारख्याच काटेकोरपणे सुरू होते. चौकटीगणिक दिलेली ती समान वागणूक मला या तंत्राची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते.